गौरीला दाखवलेलं घर

गिरजाबाईच्या नव्या घरात एकही खुंटी नव्हती.

कमळं होती. दारावर कमळ, खांबांवर कमळ, पंखा टांगायच्या कडीभोवतीसुद्धा पाकळ्या फाकवून बसलेलं कमळ. खांबांच्या मध्यावर हत्ती होते, सोंडा वर केलेले. पण ओलं फडकं टांगायला म्हणून बाईनं हात वर केला की हाताला लागायची सोंड, आणि ओटीवरून लगेच आवाज यायचा, "अगो, सोंड! रंग ओला हाय तिचा!" घरभरणी होऊन वर्ष होत आलं तरी त्या सोंडेचा रंग काही वाळत नव्हता.

आवाज महिपतीचा, गिरजाबाईच्या नवऱ्याचा. तो पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात कामाला होता. रोह्याच्या अलीकडच्या त्यांच्या गावातून तो सकाळच्या गाडीनं पेणला जायचा आणि दिवेलागणीला परतायचा, नखांत गुलाबी रंग घेऊन. त्याचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं. अंग, पितांबर, मुकुट कुणीही रंगवावं, पण डोळा महिपतीनंच, असं कारखान्यात ठरून गेलेलं. मालक गिऱ्हाइकाला सांगायचा, "हा डोळा बघा. कुठंही उभे राहा, बाप्पा तुमच्याकडंच बघतोय." गिरजाबाईला हे सगळं पाठ होतं. शेजारीपाजारी कुणी कौतुक केलं की ती म्हणायची, "व्हय. दुनियेच्या गणपतीला डोळं देतात. घरात येऊन चुलीपुढं बसाया सांगा जरा."

कारण चूल काळोखात होती. भरदुपारी.

झालं होतं असं. जुनं घर मातीचं होतं. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, घराचा अर्धा भाग धाकट्या पुंडलिकाला गेला आणि उरलेल्या अर्ध्या जागेत महिपतीनं पक्कं घर बांधायचं काढलं. जुन्या भिंती पाडायच्या आदल्या दिवशी त्यानं काय केलं? स्वयंपाकघर कुठं, न्हाणी कुठं, धान्याची कोठी कुठं, असलं काही बघितलं नाही. गणपती बसायच्या जागेभोवती चार खुंट्या ठोकल्या. त्यांच्या घरात गणपतीची जागा हलवत नाहीत. आज्यानं जिथं पाट मांडला, बापानं जिथं मांडला, तिथंच पुढंही मांडायचा. छप्पर बदलेल, भिंती बदलतील, ती जागा नाही. तसं हे सगळ्या गावात चालतं आणि गिरजाबाईचंही त्याला काही म्हणणं नव्हतं. पण महिपतीनं त्या चार खुंट्यांपासून दोरी धरायला लावली आणि घर तिथून बाहेर वाढत गेलं.

"पयली देवाची जागा मोकळी सोडू," तो दाजी गवंड्याला म्हणाला, "मग बाकीचं कसंबी बसवू."

बाकीचं म्हणजे गिरजाबाई.

देवाची जागा मोकळी सोडता सोडता तिची खोलीच झाली. परसाकडची सगळी बाजू तिनं खाल्ली. त्या बाजूला उभं राहावं एवढी मोठी खिडकी, फणसाच्या झाडाकडे तोंड करून. म्हणजे उन्हाचा कडक झोत नाही, दिवसभर सारखा, मऊ उजेड. खिडकीसमोरच्या भिंतीवर महिपतीनं स्वतः प्लास्टरमध्ये कैलास पर्वत उठवला, पांढराशुभ्र. त्याला कारण होतं. मूर्तीच्या उजव्या गालावर खिडकीचा उजेड पडणार, तो समोरच्या पांढऱ्या कैलासावर आपटून डाव्या गालावर परत येणार. "नायतर डावा गाल काळवंडतो," तो सांगायचा. "आन् गाल काळवंडला की डोळा मरतो."

कैलासाच्या पाठीमागं स्वयंपाकघर होतं. त्याच्या दुसऱ्या बाजूला पुंडलिकाच्या घराची भिंत. मागं पुंडलिकाचाच गोठा, भिंतीला भिंत लावून. वर हाताच्या पंज्याएवढी जाळी, तिच्यातून धूर कमी जायचा आणि गोठ्याचा वास जास्त यायचा. उरली ओटीकडच्या दाराची बाजू, तर तिथं आडवा येणारा कमळाचा खांब.

गिरजाबाईचं माहेर जिते गावाकडचं. घर एवढंसं, पण तिच्या आईची चूल खिडकीखाली होती. चुलीपुढं बसल्या बसल्या आईला शेताची वाट दिसायची. बाप बांधावरून निघाला की ती तवा चढवायची, तो अंगणात पाय धुवेस्तोवर पहिली भाकरी फुगलेली असायची. कुणी भांडत आलं तर ते वाटेवरच कळायचं आणि आई चेहरा तयार ठेवायची. त्या खिडकीला नक्षी नव्हती, चौकटसुद्धा वाकडी होती. गिरजाबाईला ती खिडकी आठवली की नव्या घराचा आणखीच राग यायचा.

"एक खिडकी काढा," ती महिपतीला म्हणाली. हे ती घरभरणीच्या आधीपासून म्हणत होती.

"कुठं काढू? एका अंगाला भाऊ, मागं त्याची म्हस."

"कैलासात काढा."

महिपतीनं कानांवर हात ठेवले. "कैलासात? अगो, शंकराच्या डोक्यात खिडकी काढू?"

"डोक्यात नको. पायथ्याशी काढा. तिथं नुसतं बरफ हाय."

"त्या बरफावरच तर उजेड हाय सगळा!"

"तेच म्हणते मी," गिरजाबाई म्हणाली. "सगळा उजेड तिथंच हाय."

तिनं दाजी गवंड्याला गाठलं. दाजी पेणचा, महिपतीचा दोस्त. तो डोकं खाजवत म्हणाला, "वयनी, भिंत चार इंचीच हाय. म्हटलं तर अर्ध्या दिवसाचं काम. पण तेच्या कैलासाला मी छिन्नी लावली तर तो माज्या डोस्क्याला लावील." आणि चहा पिऊन निघून गेला.

मग महिपतीनं तोडगा म्हणून ट्यूबलाइट लावली. गावात वीज स्वयंपाकाच्या वेळीच जायची. ट्यूब फडफडायची, दारात येऊ का नको करणाऱ्या पाहुण्यासारखी, आणि मग जायचीच. गिरजाबाई वाल निवडायला सूप घेऊन पुढच्या पायरीवर बसायची. तिथं वाटेवरचा जो तो थांबायचा. "काय गिरजाबाय, हापीस भायेर काढलंस?" पाऊस लागला की तीही सोय गेली. मग किडका दाणा बिरड्यात जायचा, खडा भातात जायचा आणि जेवताना महिपती दाढ धरून म्हणायचा, "खडा लागला गो."

"कमळ आसल," ती म्हणायची. "नीट बघा."

देवाच्या खोलीत जाऊन बसावं, तर तेही धजवत नव्हतं. वर्षभर ती रिकामीच असायची, पण महिपती तिथं चपला घालून कुणाला जाऊ द्यायचा नाही, केर काढल्यावरही पुन्हा एकदा स्वतः पुसायचा. तिथं सूप पाखडायचं? वालाची टरफलं कैलासावर उडवायची? घरातली सर्वांत चांगली जागा वर्षातले सहा दिवस वापरायची आणि बाकीचे दिवस पुसायची, असा त्या घराचा कारभार होता.

भाद्रपदात गणपती आला. नव्या घरातला पहिलाच. महिपतीनं मूर्ती स्वतः रंगवली होती. पाटावर ठेवली, परसाकडची खिडकी उघडली, आणि खरंच, आलेली माणसं दारातच थांबली. उजवा गाल उजळ, डावा गाल त्याहून किंचित मऊ, आणि डोळे असे की बघणाऱ्यानं आधी कपडे सारखे करावेत. पुंडलिकाची बायको शांती तर तोंडाला पदर लावून उभी राहिली. "भाऊजींनी देव बोलता केला गो."

गिरजाबाईनंही बघितलं. नाही म्हणायला तिच्याही मनात आलं, या माणसाच्या हातात आहे काहीतरी. तेवढ्यात आतून उकड लागल्याचा वास आला. मोदक कुठल्या रंगाचा झालाय ते तिला आत दिसतच नव्हतं. ती धावली, आणि जे मनात आलं होतं ते वाटेतच सांडलं.

गौरी आली तो दिवस चौथा.

त्यांच्याकडे गौर म्हणजे विहिरीवरून आणलेला तेरड्याचा भारा. माहेरवाशिणीनं तो आणायचा. महिपतीची बहीण चंद्रावती रोह्याला दिलेली, नवरा कंपनीत कामाला. ती शिफ्टच्या गाडीनं आली होती. तिनं गौर घेतली, दारात पाय धुऊन घेतले आणि हळदीकुंकवाची पावलं उठवत आत आली. गौरीला घर दाखवायचं असतं. एकेका जागी थांबायचं. गौर मुकी, म्हणून तिच्या वतीनं घरातली म्हातारी विचारते आणि घरची सून उत्तर देते. म्हातारी म्हणजे महिपतीची चुलती गोदूबाई. कान जड, आवाज खणखणीत. वाडीतल्या बाया मागं गर्दी करून.

"गौरीबाय, या इकडं," गोदूबाई कोठीच्या दारात म्हणाली. "इथं काय गो?"

"इथं भात, इथं वाल," गिरजाबाई म्हणाली.

"उदंड होवो. आन् इथं काय?"

"इथं लेकरांचं हातरूण."

"उदंड होवो."

मिरवणूक कमळाच्या खांबाला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दारात आली. वीज गेलेली. चुलीत सकाळच्या धुराचा शेवटचा धागा तरंगत होता. चंद्रावतीनं आत पाय टाकला तो पाटावरच. पाट घसरला, तेरडा डोलला, मागच्या बाईनं तिला धरली म्हणून गौर वाचली.

"इथं काय गो?" गोदूबाईनं विचारलं.

उत्तर ठरलेलं होतं. इथं दूध, इथं तूप. सासूनं शिकवलेलं, सासूला तिच्या सासूनं. गिरजाबाईनं तोंड उघडलं. दिवसभर मोदक, पुरण, भाज्या, ते लागलेलं पातेलं, घसरलेला पाट, वर्षभराचं निवडणं, वर्षभराची ती सोंड, सगळं एकदम वर आलं.

"इथं काळोख," ती म्हणाली.

गोदूबाईला वाटलं आपल्या कानांचाच दोष. "काय म्हणलीस?"

"काळोख हाय म्हटलं! मिट्ट! गौरीला खोटं काय सांगू?"

चंद्रावतीला हसू फुटलं आणि तिनं ते तेरड्यात दाबलं. शांतीनं डोळे मोठे केले. गोदूबाईनं मात्र कपाळाला हात लावला. "अगो बाय माजे. उदंड होवो कसं म्हणू आता? म्हणलं तर काळोख उदंड व्हायचा. न म्हणावं तर गौर उपाशी जायची."

ओटीवर महिपती दोन पाहुण्यांना कैलासाचा बर्फ समजावून सांगत होता. त्याच्या कानावर सगळं गेलं. पाहुण्यांच्याही.

"ती दमल्यामुळं..." तो पुढं काहीतरी म्हणायला गेला.

"दमल्यामुळं नाय," गिरजाबाई आतूनच म्हणाली. "दिसत नाय त्यामुळं."

गोदूबाईनं निवाडा दिला. गौर जाताना पुन्हा घर बघून जाते. तेव्हा या दारात उत्तर बदललेलं पाहिजे. आणि खोटं बोलून नाही. एकदा खरं सांगितलं ना, आता खरंच सांगायचं.

"ट्यूब दुसरी आणतो," महिपती म्हणाला.

"आन, आन. आन् वीज?" गोदूबाई म्हणाली. "ती तुजी चुलती हाय का, बोलावलीस की येईल?"

दुसऱ्या दिवशी गौरीजेवणाची तयारी. महिपती बायकोशी बोलत नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्यांनी कालची गोष्ट ऐकलेली, आणि मूर्तीकडे बघता बघता प्रत्येकाचे डोळे एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे जात होते, हे त्याला दिसत होतं. शेवटी तो तणतणत आत आला. "एवढा कसला काळोख हाय तो बगतोच."

चंद्रावती वाल निवडत बसली होती. तिनं भावाच्या हातात ताट दिलं. "बग की. तुज्या डोळ्याचं पेणात एवढं नाव हाय. घे, किडका दाणा काढ."

महिपती चुलीपुढं उकिडवा बसला. एक दाणा उचलून डोळ्यापाशी नेला. दुसरा नेला. कारखान्यात केसाएवढी रेघ ओढणारा माणूस, पण इथं दाणा आणि खडा सारखेच. त्यानं ताट इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. मग तो ताट घेऊन उठला आणि चालायला लागला. खांबाला वळसा, ओटी, आणि सरळ देवाच्या खोलीत, परसाकडच्या खिडकीशी. तिथं उभा राहून त्यानं पहिला किडका दाणा अचूक उचलला.

उचलला आणि तसाच थांबला. मागं स्वयंपाकघराच्या दारात बायको, बहीण, चुलती, शांती, सगळ्या उभ्या होत्या.

"काय बोलू का?" गिरजाबाई म्हणाली.

"बोलू नको."

"नायच बोलत. फकस्त येताना ताट घेऊन या. देवापुढं टरफलं नको सांडाया."

त्या दिवशी तो जेवताना खडा लागल्याचं बोलला नाही. लागला होता, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं.

विसर्जनाचा दिवस. उत्तरपूजा झाली. मूर्ती जागेवरून हलवून ओटीवर पाटावर ठेवली. अंगणात ढोलकी सुरू झाली, पोरं नाचायला लागली. चंद्रावतीनं गौर उचलली. गोदूबाई काठी टेकत स्वयंपाकघराकडे वळली, आणि बघते तर महिपती देवाच्या खोलीत धोतर खोचून उभा. हातात छिन्नी, हातोडा. कैलासाच्या पायथ्याशी कोळशानं आखलेला चौकोन.

"आत्ता?" गिरजाबाई ओरडली. "अवो, बाप्पा निघालेत! रातच्याला करा, उद्या करा, वर्षभर सांगत व्हते तवा..."

"गौर जायच्या आत पायजे ना उत्तर? मग गप ऱ्हा."

पहिला घाव घालायला त्याला वेळ लागला. बर्फावर छिन्नी ठेवायचा, उचलायचा. बाहेरून पुंडलिक ओरडला, "दादा, उशीर होतोय!" त्यासरशी हातोडा पडला. प्लास्टरचा पापुद्रा सुटला, मग सिमेंट, मग वीट. धूळ एवढी की ओटीवरच्या गणपतीवर शांतीनं आपला पदर धरला. एक वीट मागं सरली आणि स्वयंपाकघरात पडली, सरळ ताकाच्या भांड्यात.

"ताक!" गिरजाबाई आत धावली.

आणि दारातच तिचा पाय अडला. भिंतीतल्या विटेएवढ्या भोकातून उजेड आत आला होता. धुळीतून तिरका, चुलीच्या काठावर. तिला चूल दिसली. तिच्या कडेचा तडा दिसला, जो एवढे दिवस फक्त बोटाला माहीत होता. ताकात पडलेली वीटही दिसली, स्वच्छ.

गोदूबाई गौरीला घेऊन मागोमाग आली. "इथं काय गो?"

गिरजाबाईनं पदरानं डोळे पुसले. धूळ होती. "इथं उजेड," ती म्हणाली. मग राहवेना. "आन् ताकात वीट."

"उदंड होवो," गोदूबाई म्हणाली आणि लगेच सावरली, "उजेड! वीट नव्हं!"

पुढं दाजीनं येऊन त्या भोकाची खिडकी केली. महिपतीला तिला कमळाची कमान हवी होती. गिरजाबाई दाजीच्या डोक्यावर उभी राहिली आणि सरळ चौकोन करून घेतला. खाली रुंद कट्टा ठेवायला लावला, घासलेली भांडी निथळायला. दोन खुंट्याही मारून घेतल्या. महिपतीनं त्यातल्या एकीला सोंड काढली ती काढलीच.

पुढच्या वर्षी गणपती जागेवर बसला. महिपती मागं सरला, डोळे बारीक केले आणि डोकं धरून खाली बसला. "डावा गाल. काळवंडला. मी म्हणलं व्हतं."

कैलासाचा पायथा गेला होता ना. उजेड आता गालावर परत यायच्या ऐवजी चुलीकडे जात होता. दुपारभर तो येरझाऱ्या घालत राहिला. पांढरं धोतर लावून बघितलं, थर्माकोलचा तुकडा लावून बघितला. गिरजाबाईनं दोन्ही काढून टाकले. "माजी खिडकी झाकायची नाय. देवानं थोडं सोसावं."

मग तिनं उकडीची मोठी परात घासली आणि सवयीनं कट्ट्यावर, भांड्यांना टेकवून, खिडकीसमोर उभी केली. खिडकीतून आलेला उजेड परातीवर पडला, तिथून उलटा फिरला आणि जाऊन बसला थेट बाप्पाच्या डाव्या गालावर. देवाच्या खोलीतून महिपतीची आरोळी आली. "हलवू नको! अगो, हलवू नको ती! आशीच ऱ्हाऊ दे!"

"काय हलवू नको?"

"परात! थोडी डावीकडं... बास! आता सहा दिवस हात लावू नको तिला."

गिरजाबाई हातात तांदळाच्या पिठीचा डबा घेऊन उभी होती. चुलीवर पाणी उकळत होतं. घरात एवढी मोठी परात एकच. तिनं खिडकीतून पलीकडे बघितलं. तिकडून देव बघत होता, त्याच्या शेजारून नवरा बघत होता, दोघंही तिच्याचकडे.

"आन् उकड कशात मळू? तुमच्या टाळक्यावर?"

"शेजारनं आन शांतीची."

"शांतीकडं आज तिची उकड हाय!" तिनं परात उचलली. पलीकडे बाप्पाचा गाल झपकन विझला आणि महिपती असा ओरडला जसं कुणी त्यालाच पाण्यात सोडलं.

"होऊ दे काळा थोडा वेळ," गिरजाबाई परातीत पिठी ओतत म्हणाली. "मोदक गेला पोटात की उजळंल. तवर तुमी इकडं या, आन् नारळ खवा. हितं आता दिसतं सगळं."